लवणारे पाय : बायप्लेनच्या लँडिंग गिअरमधला इतिहास (थ्रेड)

१/
बायप्लेनच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांच्या मैदानावर एक दृश्य वारंवार दिसते. विमान सुरेख उतरते, गवतात थोडे धावते आणि अचानक नाकावर उलटते. त्याचे पाय मुडपलेले असतात. पुढच्या खेपेस तेच विमान जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उभे असते. ती पट्टी टिकते खरी. पण पुढच्या आदळआपटीत धडाचा तळच उखडून निघतो.

२/
या उपायामागे एक समज आहे : जुनी रचना मुळातच नाजूक होती, म्हणून ती 'सुधारून' घ्यायला हवी. ही समज चुकीची आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांचे पाय कणखर होते. मात्र तो कणखरपणा जाडीत नव्हता, लवण्यात होता.

३/
१७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाला चाकेच नव्हती. ते रुळावरून सुटले आणि लाकडी धावांवर उतरले. पुढच्या दशकभरात एक रचना रूढ झाली : इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे दोन पाय आणि त्यांमध्ये चाकांचा आडवा आस. हा आस पायांना पक्का जखडलेला नसे. रबरी दोराचे वेढे देऊन तो बांधलेला असे. विमान टेकले की आस वर सरके, दोर ताणला जाई आणि धक्का तिथेच जिरे.

४/
'सॉपविथ कॅमल'मध्ये तर आसाचेही दोन भाग होते आणि ते मध्यभागी बिजागरीसारखे जोडलेले होते. त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढले तरी दुसरे जमिनीवर राही. १९१७ मध्ये हरदित सिंग मलिक यांनी २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून उडवलेले विमान हेच. ब्रेक नाहीत, काँक्रीटची धावपट्टी नाही. समोर केवळ गवताळ माळ. अशा जमिनीसाठीच ही रचना घडली होती.

५/
याच भागात युद्धाचे अर्थकारणही वाचता येते. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत रबराची टंचाई झाली आणि युद्धाच्या उत्तरार्धात अनेक जर्मन विमानांवर रबरी दोराच्या जागी पोलादी स्प्रिंगा आल्या. समुद्रावरील नाकेबंदीची खूण विमानाच्या चाकापाशी उमटली. प्रतिकृतीतून ती स्प्रिंग वगळली की इतिहासाचे एक पानच फाटते.

६/
'पण लहान आकारात हे टिकेल का?' या शंकेचे उत्तर गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात सापडते. आकार एक चतुर्थांश केला की दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १६ पट घटते, पण वजन ६४ पट घटते. सुमारे ६६० किलोचे भरलेले कॅमल या प्रमाणात जेमतेम १० किलोचे होते. म्हणजे त्याच साहित्याचा, त्याच प्रमाणातला पाय आपल्या भारापुढे मूळ पायाहून अधिक समर्थ ठरतो.

७/
मग पाय मोडतात का? कारण विमान लहान होते, गवत लहान होत नाही. ढेकूळ, खड्डा, गवताचा बुंधा हे सारे मूळ आकारातच राहतात. लहान चाक त्यात अडकते आणि धक्का खालून येण्याऐवजी समोरून येतो. म्हणूनच सुटे भाग निवडताना पहिला प्रश्न 'किती जाड?' हा नसावा. 'मागे किती लवेल आणि पुन्हा जागेवर येईल का?' हा असावा.

८/
या कसोटीवर पियानो वायर उजवी ठरते. ती वाकते आणि परतते. पितळी नळी दिसायला देखणी, पण एकदा मुडपली की कायमची. तारेचे सांधे बारीक तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळून मगच डाख द्यावा. नुसता डाख धक्क्याने तडकतो. बाहेरचे लाकडी आवरण सांध्यापाशी किंचित मोकळे ठेवावे. आस रबरानेच बांधावा. उन्हाने रबर कडक होते, म्हणून ते वेळोवेळी बदलावे.

९/
पाय धडाला जिथे जोडला जातो तिथे प्लायवूडची रुंद पट्टी हवी, म्हणजे भार पसरतो. तिथे नायलॉनचे बोल्ट वापरले तर मोठ्या अपघातात बोल्ट तुटतो, धड वाचते. पोलादी बोल्ट स्वतः वाचतो आणि नुकसान आत ढकलतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा दोषही हाच. शिकाऊ उमेदवाराच्या साध्या विमानाला ती पट्टी शोभेल. पण १९१७ सालचे म्हणून मिरवणाऱ्या विमानाला नाही.

१०/
'हुबेहूब हवे की मजबूत?' हा वाद म्हणूनच फसवा आहे. बाह्य रूपाची नक्कल करून आतली युक्ती टाकून दिली, तर प्रतिकृती दोन्ही अर्थांनी दुबळी होते. त्या काळच्या कारागिरांनी लाकूड, तार आणि रबर यांच्या साहाय्याने एक अवघड प्रश्न सोडवला होता. त्यांचे उत्तर समजून न घेता ते 'सुधारणे' म्हणजे दस्तऐवज न वाचताच त्यावर शेरा मारणे होय.

/समाप्त