तुमच्याकडे बंद, आमच्याकडे विक्रीला

मा. उर्सुला फॉन डेर लायन,
अध्यक्ष, युरोपीय आयोग, ब्रुसेल्स



युरोपीय संघात ज्या घातक रसायनांवर बंदी आहे, ती केवळ निर्यातीसाठीही बनू देणार नाही, असा शब्द तुमच्या आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षबागायतदाराला तुमचे नियम तोंडपाठ आहेत. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल. २००६ पासून ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर हे सारे नोंदले जाते. जाच वाटला तरी त्यातून आमची द्राक्षशेती सुधारली, हे मी मनापासून मान्य करतो.

यवतमाळच्या कपाशीची गोष्ट वेगळी आहे. कापूस कोणी खात नाही, त्यामुळे त्यावर फवारणाऱ्याची काळजी तुमच्या नियमात कुठेच येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. पाठीवर गळका पंप, घामाने अंगाला चिकटलेला सदरा, दमट हवा. नोझल वर धरायचे आणि आपल्याच फवाऱ्यातून पुढे चालायचे. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र केली होती. दवाखान्यात पोचल्यावर नेमके काय अंगात गेले, हेच सांगता येत नव्हते. त्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन होती. तुमच्या शेतात यातल्या एकालाही परवानगी नाही. यातले काही आमच्याच देशात बनते. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही.

तुमचे अधिकारी १९९८ च्या रॉटरडॅम कराराकडे बोट दाखवतात: आयात करणाऱ्या देशाची संमती घेतली जाते. पण ती संमती दिल्लीतल्या कचेरीतून येते. पंप पाठीवर घेणाऱ्याला कोण विचारतो? शिवाय त्या कराराच्या यादीत नवे नाव घालायला सर्वांचे एकमत लागते. पॅराक्वाट या तणनाशकाचेच पाहा: त्याच्या विषावर उतारा नाही. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये त्याची परवानगी रद्द केली. तरीही २०१३ मध्ये ते यादीत घालायला विरोध करणाऱ्यांत भारत होता. त्याचा जाब आम्ही दिल्लीलाच विचारला पाहिजे, आणि विचारू.

आपण थांबलो तर दुसरा कोणी विकेल, असे तुमच्याकडचे उत्पादक म्हणतात. स्वित्झर्लंडने जानेवारी २०२१ पासून डायफेन्थियुरॉन आणि पॅराक्वाटसह पाच कीडनाशकांची निर्यात थांबवली. फ्रान्सचाही असा कायदा २०२२ पासून लागू आहे. एकेकट्या देशाला जे जमले, ते सत्तावीस देशांच्या संघाला का जमू नये?

माझ्या मागण्या दोनच. कायद्याचा मसुदा युरोपीय संसदेपुढे ठेवा, आणि त्यात जुन्या करारांसाठी पळवाट ठेवू नका. दुसरी मागणी दाद मागण्याची. यवतमाळच्या विधवांना थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. जिथे विष बनते, तिथल्या न्यायालयात विषबाधा झालेल्या मजुराला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येईल, आणि कंपनीकडची कागदपत्रे त्यांना मिळतील, अशी तरतूद त्याच कायद्यात करा.

कळावे.