उडणार नाही, तरी बनवा!

‘काय कामाचं आहे बे ते?’ नरनाळ्याची नऊगजी तोफ पाहून तुमच्या डोक्यात भूत शिरलं आणि तुम्ही तोड्याची बंदूक सागवानात कोरायला बसलात, तर अमरावती काय नि अकोला काय, हा प्रश्न ठरलेलाच. प्लेसमेंटला उपयोग शून्य. असू द्या, कोरा! पण ‘खरीच उडवू ना, रील चालते’ म्हणणाऱ्या दोस्ताला तिथंच थांबवा. विनापरवाना बंदूक बनवली, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. (इंजिनिअरिंग ४ वर्षांत होतं.) शिवाय नळी फुटली तर डोळा जातो, तो वेगळाच. नळी भरीवच ठेवा. चाप ओढला की तोडा धरणारा घोडा मात्र अलगद खाली यायला हवा. त्यात महिना गेला तरी चालेल.