विश्लेषण : भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासाठी कर्जरोखे काढता येतील का?

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. नंतर कळले की रुग्णालयाकडे अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते आणि अग्निसुरक्षा यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीच्या प्रतीक्षेत होता.

म्हणजे काय हवे आहे, हे रुग्णालयाला माहीत होते. कागदही तयार होता. अडले होते ते पुढे. अशा कामांसाठी लोकांकडूनच कर्ज उभारावे, रोखे काढावेत, हा पर्याय अधूनमधून सुचवला जातो. तो भंडाऱ्याला लागू पडतो का?

रोख्यांवर रुग्णालय कसे उभे राहते?

अमेरिकेत काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, स्वतः कर्ज काढू शकते. टेक्सासमधील डॅलस काउंटीचे पार्कलँड हे सरकारी रुग्णालय जुने आणि अपुरे झाले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये ७४.७ कोटी डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि मोठ्या बहुमताने मंजूर झाला. नवी इमारत २०१५ मध्ये सुरू झाली. रोख्यांची परतफेड मालमत्ता करातून होते. त्यामुळे मत देणाऱ्याला ठाऊक असते की घर असेल तर हप्ता आपल्याच खिशातून जाणार आहे.

भंडाऱ्यात अडचण कुठे?

पहिली अडचण मालकीची. आपल्याकडे महापालिका-नगरपालिकांच्या रोख्यांसाठी ‘सेबी’ची २०१५ पासून नियमावली आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, इंदूर, लखनऊ अशा महापालिकांनी तिचा वापर केला. पण जिल्हा रुग्णालय हे नगरपरिषदेचे नाही आणि जिल्हा परिषदेचेही नाही, ते राज्य सरकारचे आहे. त्यात २०२४ मध्ये भंडाऱ्याला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचे, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे. कर्जाच्या कागदावर सही कोणी करायची, इथूनच प्रश्न सुरू होतो.

दुसरी अडचण परतफेडीची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ते योग्यच झाले. तुमसर, पवनी, लाखांदूरहून येणाऱ्या बाळंतिणीकडून व्याज वसूल करण्याची कल्पनाही कोणी करू नये. पण मग रुग्णालयाला स्वतःचे उत्पन्न उरत नाही. समजा ५० कोटींचे रोखे ८ टक्क्यांनी काढले, तर वर्षाला ४ कोटी नुसते व्याज. ते शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच जाणार.

आणि राज्य तर आधीपासूनच कर्ज काढते. रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याच्या कर्जरोख्यांचे लिलाव नियमित होतात. ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेमुळे नोव्हेंबर २०२१ पासून साकोलीतला एखादा शिक्षकही मोबाइलवरून दहा हजार रुपयांचे रोखे घेऊ शकतो. फक्त त्याचे दहा हजार भंडाऱ्याच्या रुग्णालयात लागले की कुठल्या रस्त्यात, हे त्याला कधीच कळणार नाही. पैसा राज्याच्या एकत्रित निधीत मिसळतो.

केरळने यातून वाट काढून पाहिली. ‘किफबी’ या सरकारी मंडळाने २०१९ मध्ये लंडनच्या बाजारात २१५० कोटींचे रोखे काढले. व्याज ९.७२ टक्के. या मंडळाच्या पैशातून रस्ते, शाळांबरोबर रुग्णालयांचीही कामे झाली. परतफेडीसाठी मोटार वाहन कराचा वाटा आणि इंधनावरचा उपकर बांधून दिला होता. पुढे केंद्राने हे कर्ज राज्याच्याच कर्जमर्यादेत धरले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राने तसे मंडळ काढले तरी हिशेब तिथेच येईल.

पैसा आला म्हणजे काम होते?

नाही. पुण्याचा अनुभव ताजा आहे. महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, कौतुक झाले. त्याच वर्षी योजनेच्या निविदा रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. काम थांबले तरी व्याज थांबत नाही. २०० कोटींवर ते वर्षाला सुमारे १५ कोटी होते.

भंडाऱ्यासाठी रोख्यांची मागणी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आराखडा, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी हे सगळे आधी आणि कर्ज नंतर, असा क्रम नसेल तर नवे संकट विकत घेतल्यासारखे होईल.

मग या चर्चेचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण पैशापेक्षा शिस्तीचा. रोखे काढणाऱ्या संस्थेला कर्ज कशासाठी हे आधी लेखी सांगावे लागते. पतमानांकन करून घ्यावे लागते. पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्याच्या वापराचा हिशेब ठरावीक काळाने जाहीर करावा लागतो. उशीर झाला तर विचारणारा गुंतवणूकदार समोर असतो.

सरकारी रुग्णालयाच्या प्रस्तावाला असा कोणी विचारणारा नसतो. तो जिल्ह्यातून आरोग्य उपसंचालकांकडे, तिथून मुंबईला जातो, शेऱ्यासह परत येतो, पुन्हा जातो. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा ३१ मार्चपर्यंत खर्चायचा असतो. खाटा, यंत्रे यांसारखी चटकन होणारी खरेदी त्यात बसते. जुन्या इमारतीची वायरिंग बदलणे, पाण्याची टाकी, फवारे, दुसरा जिना ही कामे मात्र वर्षात संपत नाहीत. शिवाय त्यांचे उद्घाटनही होत नाही. वायरिंगची फीत कोण कापणार?

भंडाऱ्यानंतर दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण गेले. भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले होते. कमतरता शोधून झाल्या, तरी त्या भरून काढण्याचा पैसा आणि तारीख एकत्र आली नाही, तर यादी कागदावरच राहते.

म्हणून रोख्यांची वाट न पाहता त्यांचे निम्मे नियम भंडाऱ्याला आजच लावता येतील. रुग्णालयाच्या प्रलंबित कामांची एकच यादी हवी. प्रत्येक कामासमोर रक्कम, मंजुरी देणारा अधिकारी, शेवटची तारीख. जिल्हा वार्षिक योजनेचा काही हिस्सा सलग तीन-चार वर्षे फक्त या कामांसाठी राखीव, त्याचे खाते वेगळे. दर तिमाहीला झालेला खर्च जाहीर, आणि तोही शासन निर्णयाच्या भाषेत नव्हे, तर प्रसूती विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकाला वाचता येईल अशा मराठीत.

याला नवा कायदा लागत नाही. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत लोकप्रतिनिधी बसतात. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात त्यांच्यासमोर येतो. सातही तालुक्यांच्या सदस्यांनी त्या बैठकीत अग्निसुरक्षेची यादी मागावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.