येसगीच्या पुलाअलीकडे आणि पलीकडे

येसगीच्या पुलावर उभे राहिले की मांजरेच्या एका काठाला आपला बिलोली तालुका, दुसऱ्या काठाला तेलंगण. पलीकडे बोधनला शक्करनगरचा निजाम साखर कारखाना. निजामाच्या राजवटीत उभा राहिला, डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडला. अलीकडे नांदेडची उस्मानशाही मिल. तिचा भोंगा त्याच्याही आधी थांबला. मधल्याच काळात, १९९८ साली, हैदराबादेत सायबर टॉवर्सची इमारत उघडली आणि तिच्याभोवती हायटेक सिटी वाढली. बिलोलीहून रात्री निघालेले पोर आज सकाळी तिथे उतरते.

मिलमध्ये कापसाची गाठ जात होती, आणि कापूस पिकवणाऱ्याचे पोरही जात होते. सातवी नापास असले तरी साच्यावर उभे राहता येई. हात बसला की पगार वाढे. कॉम्प्युटरच्या कंपनीला कापूसही लागत नाही आणि सातवी नापासही लागत नाही. आपल्या पोराला तिथे काम मिळते ते फाटकावर, कॅन्टीनमध्ये, नाहीतर साहेबलोकांची गाडी हाकण्याचे. तेही कंपनीचे नव्हे, कंत्राटदाराचे. देशभरात या धंद्यात थेट नोकऱ्या पन्नास-साठ लाख. शेतीत अजून शंभर कामकऱ्यांतले पंचेचाळीसच्या आसपास अडकलेले. इतर देशांत बाप शेतातून कारखान्यात गेला, त्याची मुले कचेरीत गेली. आपल्या शिडीची मधली पायरीच निसटली.

म्हणून कॉम्प्युटरच्या नावाने बोटे मोडायची? आम्हाला ते पटत नाही. पायरी त्याने काढलेली नाही.

१९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. याच पुलावरून कापसाची गाडी पलीकडे न्यायची म्हणजे गुन्हा! तयार कपड्यांचा धंदा २००० सालापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव. मोठ्याने कारखाना काढायचा तर अटींची माळ गळ्यात. बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो, पण जगाला कपडे तो विकतो.

आता सॉफ्टवेअरकडे पाहा. १९९१ मध्ये सरकारने त्याच्यासाठी वेगळी संस्था काढली, पार्क उभारले, उपग्रहाची सोय करून दिली. पार्कमधल्या कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावरची आयकराची सवलत ३१ मार्च २०११ पर्यंत मिळत राहिली. (शेतीलाही आयकर नाही, असे शहरातले मित्र लगेच सुनावतात. कर लागण्याइतके उरू तर द्या!) कोणत्याही नाक्यावर प्रोग्राम अडवून झडती झाली नाही. अमेरिकेत दर चढला म्हणून त्याची निर्यात कोणी बंद केली नाही. कापसाची एप्रिल २०१० मध्ये रोखली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा रोखली आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात माघार घेतली. भाव पाडायला तेवढे दिवस पुरतात.

मोकळीक असती तर सगळ्या गिरण्या जगल्या असत्या, असा आमचा दावा नाही. कित्येकींची यंत्रे जुनाट होती. मुंबईत १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यानंतर तिथला धंदा सावरलाच नाही. पण बुडालेल्यांच्या जागी नव्या निघायला हव्या होत्या, आणि त्या कापूस पिकतो तिथे, आपल्या तालुक्यात. सरकी इथे, रुई इथे, हातही इथेच. ते झाले नाही. आपल्या वाट्याला जिनिंगचा हंगाम आला. तो संपला की पुन्हा हैदराबादची बस.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करावे. गावातली किती पोरे हैदराबाद-पुण्याला आहेत, नेमके कोणते काम करतात, हातात किती पडते, खोलीभाडे जाऊन घरी किती येते, हे लिहून आणावे. मुलींचे वेगळे लिहावे. वेचणीला माणूस मिळत नाही ही तक्रार दर बैठकीत होते. ती मांडण्याआधी हे कागद वाचले जातील.