मूळकूज: दोष एकट्या बुरशीचा नाही

बारामती-इंदापूर पट्ट्यात उन्हाळी भुईमुगाची रोपे वाळू लागली की पहिली धाव औषधांच्या दुकानाकडे. मूळकूज करणारी मॅक्रोफोमिना बुरशी मात्र जमिनीत आधीपासूनच असते; तिचे मोहरीहून बारीक काळे दाणे वर्षानुवर्षे तग धरतात. ३० ते ३५ अंशांची उष्णता आणि मुळांना पाण्याचा ताण, एवढे तिला पुरते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला एरवी निरुपद्रवी बुरशी गाठते, तसेच हे. बियाण्याला ट्रायकोडर्मा जरूर चोळावा; तहानलेल्या मुळांना तो एकटा वाचवणार नाही. वाफे तुंबवूनही चालत नाही, ओलीत स्क्लेरोशियम बुरशी खोड कुजवते. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा ठरवताना उसासोबत भुईमुगाच्या आऱ्या सुटण्याचा काळही धरायला हवा.