हृदयातल्या स्टेंटला भावाची मर्यादा, मग पित्तनळीतल्या स्टेंटला का नाही?

मामाचं वर्षश्राद्ध उरकून कालच आलो. वर्षभर डोक्यात घोळतंय ते आज लिहितोच. पोस्ट लांब आहे, पण घरात काविळीचा पेशंट असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मामाला स्वादुपिंडाचा कॅन्सर. गाठीनं पित्तनळी दाबली, पित्त आतड्यात उतरेना. अंग पिवळं, लघवी गडद, रात्रभर खाज. पहिले तीन आठवडे काविळीच्या झाडपाल्यात गेले, तो दोष आमचाच. मग शहरातलं मोठं हॉस्पिटल. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवायचा ठरलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक जण कागद घेऊन आला. "प्लॅस्टिक की मेटल? सही करा." फरक काय विचारलं, तर "मेटल महाग पडतो." बस्स, एवढंच. मामेभावानं खिसा चाचपला आणि प्लॅस्टिकवर सही केली.

प्लॅस्टिकची नळी जेमतेम तीन मिलिमीटरची. तिच्यात गाळ साचतो आणि साधारण तीन महिन्यांत ती तुंबते, बदलावी लागते. धातूची जाळी आत उघडते ती आठ-दहा मिलिमीटर, टिकतेही जास्त. पेशंट तीन-चार महिन्यांहून जास्त काढेल असं दिसत असेल, तर बहुतेक वेळा जाळीच बरी. पुन्हा दुर्बीण, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा भरती, हा हिशोब त्या दारात कुणी मांडला?

साडेतीन महिन्यांनी मामाला हुडहुडी भरून ताप आला. गावात मलेरिया समजून चार दिवस सलाईन लावलं. नळी तुंबली होती, पित्तात जंतू झाले होते. नळी बदलायची तारीख फाईलमध्ये कुठेच नव्हती!

काही जण म्हणतील, कॅन्सरच आहे, नळीनं काय होणार? कॅन्सर बरा होत नाही, कबूल. पण खाज थांबते, दोन घास पोटात जातात. आणि कावीळ उतरल्याशिवाय बहुतेकांना केमो देताच येत नाही. हे कमी आहे का?

आता पैशाचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं हृदयाच्या स्टेंटचे भाव बांधले. लाखाच्या वर विकला जाणारा औषधी लेप असलेला स्टेंट कर सोडून २९,६०० वर आला, साधा ७,२६० वर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचेही भाव बांधले. पित्तनळीच्या जाळीवर अशी मर्यादा नाही. का, बुवा? तिथं मरणारा माणूस नाही का? आमच्या खासदारांनी हा एक प्रश्न लोकसभेत विचारावा. उद्घाटनाच्या फिती नंतर कापा.

आणि हॉस्पिटलवाल्यांनो, वेळ नाही हे मान्य. पण डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? नळी कोणती टाकली, कधी बदलायची.

ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी आत्ता फाईल उघडा. स्टेंट कोणता आहे, कधी टाकलाय ते बघा. तारीख नसेल तर उद्याच फोन करून विचारा. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे परत पिवळे झाले, तर सलाईनवर वेळ घालवू नका, त्याच दिवशी जिथं नळी टाकली तिथं गाठा.