छात्रसेनेने काय दिले?



"उन्हात पाय आपटून तुला मिळतं तरी काय गं?" असा प्रश्न माझ्या एका वर्गमैत्रिणीने मला मागच्या वर्षी विचारला होता. त्या वेळी मी नुसतीच हसले, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हते. हा लेख म्हणजे तिला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

मी तांड्यावरची मुलगी. घरी गोरमाटी, शाळेत मराठी आणि परेडच्या मैदानावर हिंदी, अशा तीन भाषांत माझा दिवस जातो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रथम वर्षाला हजेरीच्या वेळी 'उपस्थित' हा एक शब्द उच्चारतानाही माझ्या घशाला कोरड पडे. आपले बोलणे ऐकून कुणी हसेल, ही भीती. प्रश्नाचे उत्तर येत असूनही मी कितीदा तरी मान खाली घालून बसले. पुसद-महागावच्या बाजूने, पैनगंगेच्या काठावरून, बंदी भागातून एस. टी.ने उमरखेडला येणाऱ्या पुष्कळ मुलामुलींची हीच अवस्था असते. त्यांना बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. चार लोकांत उभे राहण्याची सवय तेवढी नसते.

देशसेवेच्या उदात्त विचाराने मी राष्ट्रीय छात्रसेनेत गेले, असे खोटे सांगणार नाही. गणवेशाचे आकर्षण होते, इतकेच. एके दिवशी उस्तादांनी एकेका छात्राला पथकापुढे उभे करून हुकूम द्यायला लावले. माझी पाळी आली. 'तेज चल' कसेबसे म्हटले आणि मुली चालू लागल्या. पण 'थम' हा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना! पथक सरळ चालत मैदानाच्या टोकाला, बाभळीच्या कुंपणापर्यंत गेले. सगळ्या हसल्या. उस्ताद मात्र हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हुकूम देणाऱ्याचा आवाज बंद झाला, तर काटे मागच्यांना लागतात." मला पुन्हा उभे केले, पुन्हा चुकले, पुन्हा उभे केले. तिसऱ्या वेळी पथक थांबले.

नेतृत्व या शब्दाचा अर्थ मला पुस्तकात सापडला नव्हता, तो त्या कुंपणापाशी सापडला. पुढे उभे राहणे हा मान नव्हे, ती जबाबदारी आहे. दहा दिवसांच्या शिबिरात हेच पुन्हा अनुभवास आले. ज्या मुलीकडे तंबूची जबाबदारी असे, तिने सर्वांची ताटे वाढली गेली की मगच जेवायचे. आजारी मैत्रिणीच्या वाटचा पहारा कुणी द्यायचा, हेही तिनेच ठरवायचे, आणि बहुधा तो तिने स्वतःच द्यायचा.

या संघटनेचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये कायदा होऊन १५ जुलै १९४८ रोजी छात्रसेना अस्तित्वात आली. लगेच पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभागही निघाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली. सक्ती उठली हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. शिस्त बाहेरून लादली की ती गणवेशाबरोबर खुंटीला टांगली जाते. स्वतः होऊन स्वीकारली, तरच ती अंगात मुरते.

काही विचारी मित्र म्हणतात, "हुकूम पाळण्याची सवय लागली की माणूस विचार करणे सोडतो." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आंधळी आज्ञाधारकता वाईटच. परंतु ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हुकूम ऐकण्यात गेल्या, त्यांच्या मुलीला पहिल्यांदाच हुकूम देण्याची पाळी येते, तेव्हा काय घडते याचाही विचार या मित्रांनी करावा. मैदानावर जात, गाव, बापाची जमीन कुणी विचारत नाही. पाय चुकला तर सर्वांचा सारखाच चुकतो.

मात्र आत्मविश्वास केवळ खाकी कपड्यातच मिळतो, असा माझा दावा नाही. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक वकील झाले आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्यांच्या विद्यार्थिदशेत छात्रसेना कुठे होती? १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना, वक्तृत्व, कबड्डी, नाटक यांतूनही माणूस घडतो. चार डोळ्यांसमोर चुकण्याची आणि चूक सुधारून पुन्हा उभे राहण्याची संधी मिळणे, हे महत्त्वाचे. छात्रसेना ती संधी नियमाने देते, एवढेच मी म्हणते.

आता घरची एक गोष्ट. शिबिराला जायचे म्हटल्यावर बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. याडीने मध्ये पडून परवानगी काढली. गेल्या पावसाळ्यात पिकाच्या नुकसानीचा अर्ज घेऊन बाबरोबर मी एका कार्यालयात गेले. बा नेहमीप्रमाणे दाराशी हात जोडून उभा राहिला. "उद्या या" हे उत्तर त्याने आजवर किती वेळा ऐकले असेल! मी पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, अर्ज घेतल्याची पोच द्या, तारीख घालून." आवाज चढवला नाही, पण तो कापलाही नाही. काम त्या दिवशी झाले नाही. पोच मात्र मिळाली. परतीच्या गाडीत बा काही बोलला नाही, फक्त तो कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. पुढच्या शिबिराला मला परवानगी मागावी लागली नाही.

शेवटी आपल्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. छात्रसेनेतील जागा मर्यादित असतात आणि परेड संपेपर्यंत थांबले की बाहेरगावच्या मुलींची शेवटची गाडी चुकते. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच यामुळे बाहेर राहतात. परेडची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवता आली, तर मागच्या बाकांवर मुकाट बसणाऱ्या कितीतरी मुली मैदानावर येतील.

आणि माझ्या त्या मैत्रिणीला एवढेच सांगते: बाई गं, पाय आपटून मला माझा आवाज मिळाला. येत्या वर्षी तूही ये.

— एक छात्रा, बी. ए. भाग २